पांढऱ्या गाडीवर डांबराचे ठिपके, रॉकेल लावू का?

चिपळूणकरीण
नमस्कार मंडळी. दिवाळीत पनवेलहून चिपळूणला गेले होते. हायवे बराचसा सिमेंटचा झालाय पण महाडच्या पुढे एका वळणरस्त्यावर नुकतंच डांबर मारलं होतं, वर खडी पडायची होती, आणि बाजूने निघायला जागाच नाही, पुढचे सगळे त्याच्यावरूनच चालले होते मग मीही गेले. घरी येऊन बघते तर दोन्ही बाजूंना दरवाज्यांच्या खाली, चाकांच्या मागे आणि मागच्या बंपरवर मोहरीएवढे काळे ठिपके, शंभरेक तरी असतील. गाडी पांढरी, आठ महिन्यांची. शॅम्पूने तीनदा धुतली, ढिम्म हलत नाहीत. एक नखाने खरवडला तर तिथे बारीक ओरखडा आला, लगेच थांबले. बाबा म्हणतात रॉकेल लाव, शेजारचे काका म्हणतात पेट्रोल. कुणाचं ऐकू?

टिंकर_पेंटर
ताई, खरवडायचं थांबलात ते बरं केलंत. ठिपक्यात नुसतं डांबर नसतं, चाकाने उडवलेली बारीक कचही त्यात अडकलेली असते, दाबून घासलं की तीच पॉलिश पेपरसारखी फिरते. वरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ, तो एकदा गेला की परत येत नाही.

डांबर निघतं कच्च्या तेलातूनच, म्हणून ते पाण्याला आणि साबणाला दाद देत नाही, त्याच्याच जातीच्या पातळ तेलात विरघळतं. त्या हिशोबाने बाबांचं बरोबर आहे, रॉकेलने निघेल, फक्त वेळ लागेल आणि मागे तेलकट थर राहील. पेट्रोल मात्र नको. पटकन उडून जातं त्यामुळे डांबर मऊ व्हायच्या आत सुकतं, मग माणूस घासत बसतो, आणि आग लागायची भीती वेगळी. गाडीच्या दुकानात टार रिमूव्हर मागा, तो सगळ्यात सोपा.

आधी गाडी नीट धुऊन धूळ काढा, सावलीत लावा, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. मग एका वेळी एकाच दरवाज्याचा खालचा भाग घ्या, फवारा आणि दोन-तीन मिनिटं हात लावू नका. पांढऱ्या गाडीवर तर डोळ्यांनी दिसतं, प्रत्येक ठिपक्यातून तपकिरी ओघळ खाली उतरायला लागतो, चहा सांडल्यासारखा. तो उतरला की मायक्रोफायबरने हलकेच टिपून घ्या आणि दर वेळी कपड्याची कोरी घडी वापरा, नाहीतर निघालेली कच परत पत्र्यावर फिरते. जाड ठिपक्याला रिमूव्हरमध्ये भिजवलेलं फडकं पाच मिनिटं चिकटवून ठेवा. सुकू मात्र देऊ नका. शेवटी शॅम्पूने धुवा, आणि तिथलं वॅक्सही निघून गेलेलं असतं तेव्हा ते परत लावा.

रात्रपाळी_नाशिक
थिनर कुणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका. माझ्या गाडीचा मागचा बंपर आधी एकदा बाहेर रंगवून घेतलेला होता, एका वॉशिंग सेंटरच्या पोराने डांबर काढायला त्यावर थिनरचा बोळा फिरवला, डांबर निघालं आणि रंगही बोळ्यावर आला. कंपनीचा रंग भट्टीत पक्का झालेला असतो, बाहेर मारलेला तेवढा टणक नसतो. मला पूर्ण बंपर परत रंगवावा लागला, अजून ती जागा बघितली की जीव जळतो. हेडलाइटच्या काचेवरही थिनर, पेट्रोल नको, ते प्लास्टिक असतं, धुरकट होतं, तडे जातात.

खोबरेल_कोल्हापूर
दहा-बारा ठिपके असतील तर घरचं खोबरेल लावून अर्धा तास ठेवा, मऊ होतात. शंभरला मात्र पुरायचं नाही. डब्ल्यूडी-४० (गंजलेले स्क्रू सोडवायचा तेलकट स्प्रे) पण चालतं, फक्त चाकाजवळ थेट फवारू नका, कपड्यावर घेऊन पुसा. ब्रेकच्या डिस्कवर तेल गेलं तर गाडी थांबणार नाही.

चिपळूणकरीण
काल टार रिमूव्हर आणून केलं. अगदी तसेच तपकिरी ओघळ आले, दोन तास लागले पण दरवाजे स्वच्छ! पण आता जवळून बघितलं की अगदी बारीक नारिंगी टिंब दिसताहेत, ती काही जात नाहीत, आणि हात फिरवला की खरखर लागते.

टिंकर_पेंटर
ते डांबर नाही ताई, लोखंडाचे कण आहेत, ब्रेकमधून उडालेले, पत्र्यात रुतून गंजलेत. आयर्न रिमूव्हर वेगळा मिळतो, लावल्यावर जांभळा होतो, तो सुकायच्या आत पाण्याने धुवा. तरी खरखर राहिली तर क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, ती फिरवा, शॅम्पूच्या पाण्याने ओलं ठेवून, सरळ रेषेत, जोर न लावता. क्ले जमिनीवर पडला तर टाकून द्या, धुऊन वापरू नका. खरखर कुठे राहिली ते शोधायला पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटं फिरवा, नुसत्या हाताला न लागलेलंही लागतं.

चिपळूणकरीण
पिशवी घालून बघितलं, मागच्या दरवाज्याखाली सगळ्यात जास्त आहे. रविवारी बाबांना घेऊन बसते. चाकांमागे लावायचे मडफ्लॅप पण सांगून आलेय.