मदत हवी आहे: आयसीयूतल्या रुग्णांची झोप मोजायची कशी?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या दहा खाटांच्या आयसीयूत रात्री ११ ते पहाटे ५ 'शांत वेळ' पाळायची आहे. दिवे मंद, स्पंजिंग आणि नेहमीचे रक्ताचे नमुने पाचनंतर, औषधं शक्यतो एकाच फेरीत. अलार्म सरसकट बंद नकोत, मर्यादा रुग्णागणिक ठरवायच्या. जागतिक आरोग्य संघटनेची १९९९ची शिफारस रात्री वॉर्डात ३० डेसिबलची आहे. व्हेंटिलेटर चालू असताना ती गाठणं अवघडच, म्हणून इअरप्लग आणि डोळ्यांवर पट्टी. झोपेसाठी मिडाझोलाम हे गुंगीचं औषध नकोच: डोळे मिटतात, पण गाढ झोप कमी होते आणि भ्रम होण्याचा धोका वाढतो.

अडलंय ते मोजमापात. रिचर्ड्स-कॅम्पबेल या झोपेच्या प्रश्नावलीत पाच प्रश्न, प्रत्येकाला १०० मिलिमीटरची रेघ; झोप कशी झाली त्याप्रमाणे रुग्णानं तिच्यावर खूण करायची. कागल, गडहिंग्लजकडच्या वयस्कर आजी-आजोबांना रेघेवर खूण करणं उमगत नाही. नर्सनं अंदाजानं भरलं तर झोप आहे त्यापेक्षा चांगली दिसते.

या प्रश्नावलीचं तपासलेलं मराठी रूप कुणाकडे आहे का? रेघेऐवजी शून्य ते दहा आकडे चालतील? आणि बेडसोर (पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमा) टाळायला दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलतो, त्यानं झोपमोड होते, त्याचं काय? एअर मॅट्रेसवर रात्री हे अंतर कुणी वाढवलंय का, आणि बेडसोर वाढले का? प्रत्यक्ष नोंदी असतील तर कृपया सांगा.