मदत हवी आहे: पुटिंग ग्रीनवर थंडीत पडणारे गोल डाग (घोडबंदर रोड, ठाणे)

घोडबंदरकर:
नमस्कार. आमच्या संकुलात खऱ्या गवताचं एक छोटं पुटिंग ग्रीन आहे (गोल्फचा चेंडू हळूच टोलवून छिद्रात घालायची, अगदी आखूड कापलेल्या गवताची जागा), साधारण 350 चौरस मीटर. लावताना टिफड्वार्फ म्हणून आणलं होतं, म्हणजे संकरित हरळी. सिलिंडर मोअरने 5 मिलिमीटरवर कापतात. सकाळी ज्येष्ठ मंडळी आणि सुट्टीत मुलं इथे रमतात. पावसाळ्यात गवत उत्तम असतं. दिवाळी उलटली की गोल, वाळक्या पेंढ्याच्या रंगाचे डाग पडायला लागतात. सुरुवातीला दोन रुपयांच्या नाण्याएवढे असतात, मग वाढून एकमेकांत मिसळतात. डिसेंबर संपेपर्यंत एक अख्खा कोपरा पिवळा पडतो आणि चेंडू तिथे उड्या मारत जातो.

देखभालीच्या ठेकेदाराचं म्हणणं असं की हा थंडीचा रोग आहे. त्याने एका परदेशी तक्त्यातलं स्नो मोल्डचं (थंड प्रदेशातल्या गवताचा बुरशीरोग) पान दाखवलं आणि दर दहा दिवसांनी कार्बेन्डाझिम, मधे एकदा अॅझॉक्सीस्ट्रोबिन अशा बुरशीनाशकांचा कार्यक्रम दिला. समितीतल्या काही जणांना तर कृत्रिम गवत टाकून मोकळं व्हायचंय. मला ते अजिबात नको आहे. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, इतक्या काँक्रीटमध्ये, पायाखाली जिवंत गवत असलेली ही आमच्याकडची एकच मोकळी जागा आहे. रविवारी बैठक आहे. हा रोग नक्की कोणता आणि औषधाशिवाय काय करता येईल, कोणी सांगू शकेल का?

रोगशास्त्र_दापोली:
ताई, स्नो मोल्ड डोक्यातून काढून टाका. करडा स्नो मोल्ड बर्फाच्या थराखाली वाढतो. दुसरा, मायक्रोडोकियम बुरशीचा, त्याला बर्फ लागत नाही, पण गारठा आणि ओल आठवडेच्या आठवडे लागते. तो स्कॉटलंड-इंग्लंडकडच्या ग्रीन्सचा रोग आहे. ठाण्यात डिसेंबरच्या रात्री 17-18 अंश आणि दुपारी 31-32. या हवामानात हरळीवर नाण्याएवढे डाग म्हटलं की पहिला संशय डॉलर स्पॉट या बुरशीरोगावर. 1937 साली या बुरशीला स्क्लेरोटिनिया होमिओकार्पा नाव दिलं होतं. 2018 मध्ये तिला क्लॅरिरीडिया या नव्या प्रजातीत हलवलं, त्यामुळे जुन्या-नव्या पुस्तकांत वेगवेगळी नावं दिसतील. तिला थंडी लागत नाही. साधारण 15 ते 30 अंश तापमान, लांबलेली ओल आणि उपाशी गवत, एवढं मिळालं की तिचं भागतं.

उद्या उजाडताच, कोणी ग्रीनवर पाय ठेवायच्या आत, गुडघ्यावर बसून डागाची कड बघा. दंवात पांढरे तंतू दिसतात का? कोळ्याचं जाळं सपाट ताणलेलं असतं, बुरशीचे तंतू पात्यांमध्ये भरलेल्या कापसासारखे फुगीर दिसतात. मग कडेचं एक पातं खुडून उजेडात धरा. मधे फिकट पट्टा आणि त्याच्या दोन्ही टोकांना तांबूस-तपकिरी कड दिसली, तर संशय बळावला. जांभळट-तपकिरी बारीक ठिपके पातंभर विखुरलेले असतील तर तो बायपोलॅरिस या दुसऱ्या बुरशीचा पानठिपका, त्याची वाट वेगळी.

आणि तीन गोष्टी सांगा: पाणी किती वाजता देता, शेवटचं नत्र कधी दिलं, आणि सर्वांत वाईट कोपऱ्यावर ऊन किती वाजता येतं?

घोडबंदरकर:
दादा, आज पहाटे टॉर्च घेऊन गेले. तंतू आहेत, फुगीरच आहेत. ऊन पडल्यावर अर्ध्या तासात दिसेनासे झाले. पात्यावर तुम्ही म्हणता तसाच पट्टा आहे, मधे जवळजवळ पांढरा आणि कडेला विटकरी रेघ. गवताचा एक तुकडा कापून ओल्या टिश्यू पेपरसोबत पिशवीत बंद करून ठेवला आहे, उद्या उघडते.

पाणी संध्याकाळी सहाला, एसटीपीचं (संकुलातलं शुद्ध केलेलं सांडपाणी). सकाळी लोक खेळतात म्हणून ती वेळ ठेवली आहे. खत दिवाळीपासून बंद आहे, ठेकेदाराच्या वेळापत्रकात थंडीत खत नाहीच. आणि उन्हाचं म्हणाल तर आग्नेयेच्या कोपऱ्यावर साडेदहापर्यंत ऊन येत नाही. डाग सगळ्यांत जास्त तिथेच आहेत.

ग्रीनवाला:
मी बरीच वर्षं गोल्फ कोर्सच्या ग्रीन्सवर काम केलंय. तुमचं उत्तर तुम्हीच लिहिलंत: सहाला पाणी आणि साडेदहाला ऊन. रात्री आठ-साडेआठला दंव धरायला लागतं, पण तुमचं गवत त्याआधीच ओलं असतं. म्हणजे सोळा-साडेसोळा तास पातं ओलं. या बुरशीला दहा-बारा तास पुरतात.

पाण्याची वेळ आजच बदला. पहाटे पाच वाजता द्या. अनेकांना हे उलटं वाटतं, ओल्यावर आणखी पाणी कशाला म्हणून. पण पहाटे पात्याच्या टोकावर जे थेंब असतात ते सगळे हवेतल्या दंवाचे नसतात. काही गवताने स्वतः टाकलेला रस असतो, त्यात साखर आणि अमिनो आम्लं असतात आणि बुरशी त्यावर पोसते. पाणी मारलं की तो रस धुऊन जातो. गवत तसंही ओलंच असतं, त्यामुळे ओलीचे तास वाढत नाहीत. रोज शिंपडू नका, दोन दिवसांआड खोलवर द्या.

पाणी मुरलं की माळीदादांना एक लांब, लवचीक बांबू द्या. ग्रीनच्या कडेला उभं राहून तो गवतावरून अर्धवर्तुळात सपकन फिरवायचा, थेंब उडतात. बांबू नसेल तर दोघांनी दोन टोकं धरून पाण्याचा पाइप ग्रीनवरून ओढत न्यायचा. 350 मीटरला पाच-सात मिनिटांचं काम आहे आणि रोज करायचं, रविवारीसुद्धा. ज्या दिवशी कापणी असेल त्या दिवशी सकाळी लवकर कापा, दंव आपोआप झटकलं जातं. कापलेलं गवत पेटीत गोळा करून बाहेर टाका आणि आजारी कोपरा सगळ्यांत शेवटी घ्या. मोअरची पाती बोथट असतील तर टोकं फाटतात, तेही बघा. कागदाची पट्टी धरून फिरवा, स्वच्छ कापली गेली पाहिजे.

नकाशेवाली:
मी इमारतींचे आराखडे करते म्हणून उन्हाचं थोडं सांगते. ग्रीनच्या दक्षिणेला टॉवर आहे का? ठाण्याचा अक्षांश साधारण 19.2 अंश. 22 डिसेंबरला भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून 47 अंशांवरच असतो. 90 मीटर उंच टॉवरची सावली तेव्हा उत्तरेला सुमारे 83 मीटर पडते. जूनमध्ये त्याच टॉवरची दुपारची सावली दक्षिणेला जेमतेम सहा-सात मीटर. टॉवरपासून 40 मीटरवर असलेली जागा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दुपारच्या सावलीत जाते आणि मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात बाहेर येते. शिवाय डिसेंबरात सूर्य पूर्वेच्या 25 अंश दक्षिणेकडून उगवतो, त्यामुळे आग्नेयेला दुसरी इमारत असेल तर सकाळचं ऊनही तीच अडवते.

म्हणजे तुमच्याकडे दिवाळीनंतर येते ती मुख्यतः सावली. थंडीचं निमित्त होतं.

घोडबंदरकर:
ताई, हे वाचून मी खाली जाऊन उभी राहिले. दक्षिणेला टॉवर आहेच आणि आग्नेयेला दुसऱ्या फेजची इमारत. ती उभी राहायच्या आधीचे फोटो शोधले, तेव्हा डिसेंबरात ग्रीन स्वच्छ होतं. इतके दिवस सगळे माळ्याला बोलत होते. ते फोटो मी बैठकीत दाखवणार आहे, कारण त्या माणसाने त्या ग्रीनसाठी खूप केलंय.

पिशवीतला गवताचा तुकडाही उघडला, डागाच्या कडेवर पांढरा कापूस आलाय.

रोगशास्त्र_दापोली:
मग बहुतेक डॉलर स्पॉटच. पिथियम नावाचा दुसरा रोगसुद्धा असा कापूस धरतो, पण त्याला उष्ण, दमट रात्री लागतात, तो आपल्याकडे पावसाळ्यातला. तरी खात्रीसाठी नमुना पाठवा. डागाच्या कडेवरून, अर्धं निरोगी आणि अर्धं आजारी गवत येईल अशी मुठीएवढा तुकडा मुळांसकट काढा, वर्तमानपत्रात गुंडाळा आणि आठवड्याच्या सुरुवातीला रवाना करा म्हणजे वाटेत कुजणार नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्र विभाग आहे. फवारणीच्या आधी काढलेलाच नमुना उपयोगाचा.

आता औषधाबद्दल. अॅझॉक्सीस्ट्रोबिन डॉलर स्पॉटवर चालत नाही. इतर अनेक रोगांवर चांगलं आहे, पण इथे पैसे वाया, काही वेळा तर त्यानंतर डॉलर स्पॉट वाढलेलाही दिसलाय. कार्बेन्डाझिम ज्या गटातलं आहे त्या गटाला ही बुरशी 1970 च्या दशकापासून दाद देईनाशी झाली आहे, आणि दर दहा दिवसांनी तेच तेच मारणं म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवण्याचा हमखास मार्ग. प्रोपिकोनॅझोल हे वेगळ्या गटातलं बुरशीनाशक काम करतं. पण हरळीवर वारंवार मारलं तर वाढ खुंटते, आणि सावलीतल्या गवताला नेमकी वाढच हवी आहे. फवारायचंच झालं तर एकदा, डाग वाढत असताना, आणि पुढच्या वेळी वेगळ्या गटातलं. लेबलवर सहसा पिकांची नावं असतात, लॉन नसतं, म्हणून मात्रा ठेकेदाराच्या अंदाजाने नको, विद्यापीठाकडून लेखी घ्या. मुलं अनवाणी खेळतात ना तिथे? डब्यावरच्या त्रिकोणाचा रंगही बघा, लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा.

कोपरखैरणे_गच्ची:
खताचं कोणीच नीट सांगितलं नाही. थंडीत खत बंद हा नियम जिथे गवत झोपतं तिथला. आपल्याकडे हरळी मंदावते, झोपत नाही. रोज कापून नत्र बाहेर जातंय आणि आत काही येत नाही.

ग्रीनवाला:
बरोबर, तेच लिहायला आलो होतो. थोडं थोडं द्या. चौरस मीटरला अर्धा ग्रॅम नत्र, म्हणजे 350 मीटरला सुमारे 380 ग्रॅम युरिया. पाण्यात विरघळवून फवारा आणि लगेच हलकं पाणी मारा, नाहीतर पातं भाजेल. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. गवत डागातून नवं पातं काढायला लागलं की हात आखडता घ्या. सावलीत जास्त नत्र दिलं तर गवत लुसलुशीत होऊन दुसरेच रोग येतात. एसटीपीच्या पाण्यात थोडं नत्र असू शकतं आणि क्षारही, म्हणून पाण्याचा एक अहवाल मागवा.

कापणीची उंची मात्र वाढवा. 5 वरून 6.5 करा, निदान आग्नेयेच्या बाजूला. सावलीतल्या गवताला पातं जास्त लागतं.

रोगशास्त्र_दापोली:
उंचीबद्दल थोडं वेगळं मत. 6.5 ठीक आहे, पण त्यावर जाऊ नका, पातं दाट झालं की दंव जास्त वेळ टिकतं. चेंडूचा वेग कमी झाल्याची तक्रार आली तर एक दिवसाआड हलका रोलर फिरवा. रोलिंगने डॉलर स्पॉट कमी होतो असं अमेरिकेतल्या प्रयोगांत दिसलंय, दंवही मोडतं.

घोडबंदरकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारसाठी मी असं मांडते: पाणी पहाटे पाचला, रोज बांबू, युरिया वरच्या हिशेबाने, उंची 6.5, मोअरची पाती धार लावून, नमुना सोमवारी दापोलीला. अहवाल येईपर्यंत फवारणी नाही. खेळाची वेळ सातऐवजी साडेसात करावी लागेल, ते ज्येष्ठांशी मी बोलेन. कृत्रिम गवताचा विषय निघाला तर सावलीचा हिशेब पुढे ठेवेन.

एक शेवटचं. आग्नेयेला ग्रीनला लागून बोगनवेल आणि कण्हेरीची दाट रांग आहे, डोक्याएवढी. ती कापू का? तिथली फुलं लोकांना आवडतात.

ग्रीनवाला:
मुळातून काढू नका. इमारतीची सावली तुमच्या हातात नाही, पण वारा आहे. खालून दोन-अडीच फुटांपर्यंतच्या फांद्या काढा आणि मधली काही झुडपं विरळ करा, फुलं वर राहतील आणि खालून वारा खेळेल. छाटणी या आठवड्यातच करून घ्या. कण्हेरीचा चीक विषारी असतो, माळीदादांना हातमोजे द्या आणि फांद्या मुलांच्या वाटेतून लगेच उचलायला सांगा.