हेपटायटिस सीची औषधे आणि त्यांचे दुष्परिणाम : आपापले अनुभव लिहावेत

माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीच्या रक्ततपासणीत त्यांना हेपटायटिस सी (विषाणूमुळे यकृताला सूज येण्याचा आजार) असल्याचे कळले. सुमारे ३५ वर्षांपूर्वी गर्भाशय काढताना त्यांना दोन बाटल्या रक्त चढवले होते, त्यातूनच हे आले असावे असा डॉक्टरांचा अंदाज आहे. येत्या सोमवारपासून सोफोसबुव्हिर आणि व्हेल्पटास्व्हिर यांची एकत्रित गोळी, रोज एक, अशी १२ आठवडे घ्यायची आहे. त्यांना आजाराची भीती नाही, औषधाची आहे. कारण इंदूरच्या रामबागेत त्यांच्या एका दिरांना त्यांनी इंटरफेरॉनच्या (या आजारावर पूर्वी देत ते इंजेक्शन) काळात पाहिले होते, आणि ‘त्यांचे केस गेले, बोलणे गेले’ हे वाक्य त्या दिवसातून दोनदा तरी म्हणतात. ज्यांनी स्वतः ही औषधे घेतली किंवा घरात कोणाला दिली, त्यांनी कोणता त्रास कधी झाला आणि तो कसा निभावला, हे कृपया लिहावे. उपचाराविषयी सल्ला मागत नाही, तो डॉक्टरांचा प्रांत आहे.

लोकमान्यनगर, निवृत्त बँक कर्मचारी

आपल्या सासूबाईंनी पाहिले ते खरेच आहे, पण ते औषध निराळे होते. मी २००९ मध्ये पेगिलेटेड इंटरफेरॉनची २४ इंजेक्शने घेतली, आठवड्याला एक, आणि जोडीला रोज रिबाव्हिरिन हे विषाणूविरोधी औषध. माझा विषाणू जनुकप्रकार ३ चा होता, जो आपल्या देशात सर्वाधिक आढळतो. प्रकार १ असता तर हेच ४८ आठवडे चालले असते. इंजेक्शन शनिवारी रात्री घेत असे, म्हणजे रविवार तापात गेला तरी सोमवारी काउंटरवर बसता यावे. तासभर आधी पॅरासिटामॉल घेतले तरी पहिले काही आठवडे मध्यरात्री हुडहुडी भरायचीच. ऐन मे महिन्यात घरातले सगळे गच्चीवर झोपत आणि मी खाली कूलर बंद करून दोन रजयांखाली. रिबाव्हिरिनने तांबड्या पेशी फुटतात, त्यामुळे हिमोग्लोबिन १४ वरून साडेनऊवर आले आणि कचेरीचा एक मजला चढताना मधल्या वळणावर थांबून मी उगाच नोटीस बोर्ड वाचू लागलो. मात्रा कमी केल्यावर ते सावरले.

परंतु शरीराचा त्रास सांगता तरी येत होता. एके दिवशी आमटीत मीठ कमी आहे म्हणून मी ताट दूर ढकलले, आणि पाच मिनिटांनी न्हाणीघरात नळ सोडून रडत बसलो. इंटरफेरॉनमुळे नैराश्य येते, हे मला आधी सांगितले गेले होते. तरीही ते माझ्या बाबतीत घडते आहे, हे मला कळत नव्हते. पुढच्या तपासणीला पत्नीने खोलीत येण्याचा हट्ट धरला आणि डॉक्टरांना सगळे सांगितले. मी स्वतः कधीच सांगितले नसते. मग मानसोपचाराच्या गोळ्या सुरू झाल्या आणि उपचार अर्धवट सुटला नाही. केस परत आले, पूर्वीपेक्षा विरळ.

सुदामानगर, शिवणकाम करणारी

मी २०१९ मध्ये सोफोसबुव्हिर आणि डाक्लाटास्व्हिर १२ आठवडे घेतले. पहिले दहा दिवस दुपारी डोके दुखायचे आणि रात्री झोप लागत नसे. डॉक्टरांना विचारून गोळ्या रात्रीऐवजी सकाळी घेऊ लागले, पाण्याची बाटली मशीनजवळ ठेवली आणि चारनंतरचा चहा सोडला. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही थांबले. थकवा मात्र शेवटपर्यंत होता, त्या काळात मी लग्नसराईची कामे घेतली नाहीत.

महू, औषधविक्रेते

सासूबाई सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी घेतात का, हे आधी पाहावे. व्हेल्पटास्व्हिर अंगी लागण्यासाठी जठरात आम्ल असावे लागते. पँटोप्राझोलसारख्या गोळ्यांनी ते आम्लच घटते आणि औषध पुरेसे शोषले जात नाही. माझ्या वडिलांची ती गोळी डॉक्टरांनी बंद केली. कित्येक वर्षांची सवय अचानक सुटल्यामुळे पंधरा दिवस जळजळ इतकी वाढली, की त्यांनी तो सगळा नव्या औषधाचा दुष्परिणाम समजून ते टाकून देण्याची भाषा सुरू केली. रात्रीचे जेवण सातला आणले, पलंगाचे डोके विटांवर उंच केले आणि घरातून शेव हद्दपार केली (इंदुरी माणसाला ही शिक्षा काय असते, हे इंदूरकरच जाणे). पित्तशामक पातळ औषध लागलेच तर मुख्य गोळीपासून चार तासांच्या अंतराने देत असू. माझी विनंती अशी, की यादी करत बसू नका, औषधांचा डबा आहे तसा उचलून डॉक्टरांपुढे उपडा करा. लोक रक्तदाबाची गोळी सांगतात आणि हृदयाची विसरतात.

राजेंद्रनगर, मधुमेही, वय ५९

उपचाराच्या पाचव्या आठवड्यात छप्पन दुकानच्या परिसरात पोह्यांच्या ठेल्यावर उभा होतो. बशी हातात आली आणि ती थरथरू लागली, कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. मित्राने बशीतली जिलबी माझ्या तोंडात कोंबली. मला वाटले, नवे औषध सोसत नाही. तपासणीत कळले ते उलटेच होते : विषाणू हटू लागला की अनेकांची साखर आपोआप सुधारते, आणि जुन्याच मात्रेत घेतलेली ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी मग जास्त होते. मात्रा निम्मी केली, प्रसंग पुन्हा आला नाही. ग्लुकोमीटर घरात असेल तर या तीन महिन्यांत त्याची धूळ झटकावी.

मल्हारगंज, मुलीकडून

आईला सिरॉसिस (यकृत निबर होऊन निकामी होत जाणे) असल्याने गोळ्यांसोबत रिबाव्हिरिनही होते. अंगाला खाज, कोरडा खोकला आणि धाप, हे तिघे पाळीपाळीने येत. जेवणासोबत गोळ्या, कोमट पाण्याने आंघोळ आणि लगेच खोबरेल तेल, एवढ्यावर खाज सोसण्याइतकी राही. धापेसाठी मात्र वारंवार रक्त तपासावे लागले. शेजारच्या काकू गुळवेलीचा काढा प्रेमाने आणून देत. तो डॉक्टरांनी बंद करायला सांगितला, कारण कोरोनाकाळात गुळवेल घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याचे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले होते. काकू अजून रुसलेल्या आहेत. रिबाव्हिरिन घेणाऱ्या तरुण जोडप्यांसाठी एक गोष्ट : औषध पती घेत असो वा पत्नी, ते संपल्यावरही कित्येक महिने गर्भधारणा टाळायची असते. माझ्या भावजयीसमोर हे विचारायला आम्ही संकोचलो, तसे करू नये.

पाटणीपुरा, ऑटोचालक

मला काहीही झाले नाही. औषध सरकारी योजनेतून फुकट मिळाले, ही योजना २८ जुलै २०१८ पासून आहे. काहीच त्रास नाही म्हणजे औषध नकली असावे, असे मानून मी महिनाभर काळजी केली. औषध संपल्यावर १२ आठवड्यांनी विषाणूची तपासणी झाली, तो सापडला नाही.

धागाकर्ती

सर्वांचे आभार. महूच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे काल डबा तसाच नेला. पँटोप्राझोल त्यात होतीच, आणि तळाशी धडधडीसाठी दिलेली एमिओडारोन निघाली, जी आम्ही कोणीच सांगितली नव्हती. सोफोसबुव्हिरसोबत ती घेतल्यास हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या मंदावू शकतात, असे सांगून डॉक्टरांनी हृदयरोगतज्ज्ञांचे मत येईपर्यंत उपचार थांबवला आहे. ती गोळी बंद केली तरी तिचा अंश शरीरात बरेच आठवडे, कधी महिनेही टिकतो, त्यामुळे सोमवार आता बराच लांबणीवर गेला आहे. बँकेच्या काकांचा अनुभव सासूबाईंना वाचून दाखवला. ‘पत्नी आत गेली हे बरे केले,’ एवढेच त्या म्हणाल्या, आणि पुढच्या वेळी मीही आत यावे असे ठरले.