बाटलीचं पर्जन्यमापक: शेजारच्या दोन बाटल्यांत ५ मिमीचा फरक का येतो?

सातवीचा वर्ग (ता. सेलू, जि. परभणी)
सातवीच्या मुलांकडून शीतपेयाच्या २ लिटरच्या बाटल्या कापून दोन पर्जन्यमापकं करून घेतली. वरचा भाग उलटा करून नरसाळं, बाहेरून कागदी पट्टी. दोन्ही हातभर अंतरावर ठेवली, तरी आज एकीत १४ मिमी आणि दुसरीत १९. एक बाटली सरळ आहे, दुसरी मध्ये चिमटलेली. खरा आकडा कोणता धरायचा?

मापटं
दोन्ही नाही, सर. चिमटलेल्या भागात बाटली अरुंद होते, तेवढंच पाणी उंच चढतं, म्हणून १९. पण १४ सुद्धा फुगलेलाच आहे. तळाला पाच पाय आणि मधे खळगा असतो, तिथे पाणी कमी मावतं आणि तुमची पट्टी पायापासून सुरू होते. वर्गात दोन्हींत मोजून १०० मिली पाणी ओता, मुलांना पातळीतला फरक लगेच दिसेल.

पट्टी काढूनच टाका. पाणी मिलीत मोजा, मग बाटलीचा आकार आडवा येत नाही. फक्त तोंडाचं क्षेत्रफळ लागतं. व्यास मोजू नका, कापलेलं तोंड लंबगोल होतं. काठाला सुतळी गुंडाळून परीघ घ्या. समजा ३४.५ सेंमी आला. परिघाचा वर्ग भागिले ४π, म्हणजे सुमारे ९४.७ चौसेंमी. १ चौसेंमीवर १ मिमी पाऊस म्हणजे ०.१ मिली, म्हणून इथे १ मिमीला ९.४७ मिली. ५२ मिली पाणी निघालं तर ५.५ मिमी. सुतळीत १ सेंमी चुकला तर उत्तर जवळपास ६ टक्क्यांनी चुकतं, तेव्हा परीघ तीन मुलांकडून मोजून घ्या.

प्रयोगशाळेतलं १०० मिलीचं मोजपात्र पुरतं. त्यातली १ मिली साधारण ०.१ मिमी होते. पाण्याची खोलगट कड डोळ्यासमोर आणून खालची पातळी वाचायची. सिरिंजने ओढू नका, पायांच्या खळग्यांत पाणी राहतं. बाटली उलटी करून झटका.

काळं रान
मापटं यांनी सांगितलं ते बरोबर, पण जागा चुकली तर हिशेब वाया. नरसाळं काठाच्या २-३ सेंमी खाली बसवा, नाहीतर टपोरे थेंब उसळून बाहेर जातात. फटीतून जाणारं पाणीही बाटलीतच पडतं, म्हणून परीघ बाहेरच्या काठाचाच धरायचा. बूच काढलेली अरुंद मान बाष्पीभवनही रोखते.

काठ जमिनीपासून ३० सेंमी हवा. कापलेली बाटली विटेवर ठेवली की तेवढी उंची जवळपास मिळतेच. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उघडीप मिळाली की भेगाळते, आणि बाटली कलते. फूटभर खड्ड्यात मुरूम ठोकून भरा, त्यावर वीट, शेजारी काठी ठोकून बाटली बांधा. काठीचं टोक काठाच्या खाली राहू द्या. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या दुप्पट लांब. गच्चीवर नको, वाऱ्याने पाऊस कमी भरतो.

सातवीचा वर्ग
रविवारी नोंद नसते. सोमवारचा आकडा निम्मा करून दोन दिवसांत वाटू का? आणि महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाच्या आकड्याशी जुळायला हवं का?

मापटं
वाटू नका. ‘दोन दिवसांचा एकूण’ असंच लिहा. निम्मे आकडे खोटे असतात आणि पावसाचे दिवसही चुकतात. हवामान खात्याच्या हिशेबात २.५ मिमी किंवा जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस. वेळही त्यांचीच धरा, सकाळी ८.३०. मंडळाशी तंतोतंत जुळणार नाही. वळवाचा पाऊस एका शिवारात पडतो, शेजारच्यात नाही.

काळं रान
स्तंभालेख आठवड्याऐवजी नक्षत्रांचा काढा: मृग, आर्द्रा, पुनर्वसू. घरी आजोबा तीच भाषा बोलतात, मुलं आकडे घेऊन घरी जातात. मृग ७-८ जूनला लागतो आणि शाळा जूनच्या मध्यावर उघडते, म्हणून पहिला स्तंभ अपुरा. त्यावर ‘अर्धा’ लिहा.

पुढचं गणित शेतातलंच द्या. १ चौमीटरवर १ मिमी म्हणजे १ लिटर. एक एकर म्हणजे ४०४७ चौमीटर, तर १ मिमीला ४०४७ लिटर. पेरणीआधी ७५ ते १०० मिमी पाऊस होऊ द्या म्हणतात, ते एकरी किती लिटर हे मुलांनाच काढू द्या. शाळेचं छत २० बाय ६ मीटर असेल तर १० मिमीत १२०० लिटर. नळाला पाणी नसलेल्या शाळेत हे उदाहरण आधी घ्या.