जुन्या टेबलाचा चिकटपणा आणि डाग : घरातल्या वस्तूंनी जातील का?

दुपारची_झोप

मामेबहिणीने घर बदलताना तिचं सागाचं जेवणाचं टेबल मला दिलं. लाकूड झकास आहे, पाय एवढे दणकट की एकट्याने सरकत नाही. पण वरच्या फळीवर हात टेकला की किंचित चिकटतो. तिला विचारलं तर म्हणाली, चकाकी राहावी म्हणून ती नेमाने खोबरेल तेलाचं फडकं फिरवायची.

शिवाय गरम भांड्यांचे दोन-तीन पांढरे गोल डाग आहेत आणि कडेला एक काळा. तिथे कुंडी असायची म्हणे. आणि टेबलाखालचा ड्रॉवर मध्येच अडकतो.

घरात रांगतं बाळ आहे, टेबलाच्या पायाला धरून उभं राहतं आणि कडा चाटतं. म्हणून उग्र रसायनं नकोत. व्हिडिओंमध्ये कोणी व्हिनेगर-ऑलिव्ह ऑइल सांगतं, कोणी लिंबू-सोडा, कोणी चहाचं पाणी. नक्की काय करू?

चकचकीत

व्हिनेगर आणि ऑलिव्ह ऑइल समप्रमाणात घेऊन मऊ फडक्याने पुसायचं. मी कायम हेच करते. टेबल आरशासारखं होतं, वासही लगेच उडतो. डोळे झाकून करा.

जुना_रंधा

डोळे उघडे ठेवून करा.

पॉलिशच्या कामात माझं आयुष्य गेलं, म्हणून जरा लांबण लावतो. तुम्ही जे पुसता ते बहुतेक वेळा लाकूड नसतंच, लाकडावरचा थर असतो. लाखेचं पॉलिश, लॅकर, मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन) अशी कृत्रिम पॉलिशं, नाहीतर नुसतं तेल-मेण. एकाला जे मानवतं त्याने दुसऱ्याची वाट लागते. तेव्हा घरातली कुठलीही बाटली उघडण्याआधी थर कसला आहे ते बघा.

पायाच्या आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, आधी पाण्याचा एक थेंब टाका. तो मुरून लाकूड गडद दिसलं तर थर नाही किंवा फक्त तेल-मेण आहे. थेंब तसाच उभा राहिला तर तो पुसा आणि कापसाच्या काडीवर स्पिरिट घेऊन तिथेच टेकवा. अर्ध्या मिनिटात जागा चिकट झाली, काडीला रंग आला, तर लाखेचं पॉलिश. काहीच झालं नाही तर बहुधा पीयू किंवा मेलामाइन. टेबलाच्या खालून ही परीक्षा करू नका, तिथे बरेचदा पॉलिश केलेलंच नसतं.

आता खोबरेल. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, त्याचा थर बनतो. अक्रोडाचंही तसंच. खोबरेल तेलात जवळपास नव्वद टक्के संपृक्त चरबी, ते जन्मात वाळत नाही. वर पडून राहतं, धूळ धरतं, हाताचा मळ धरतं. तुमचा चिकटपणा बहुतेक हाच. ऑलिव्ह ऑइलची गोष्टही फार वेगळी नाही. आणि 'लाकडाला तेल पाजावं लागतं' हे तर सोडूनच द्या. पॉलिशच्या वरून ओतलेलं तेल लाकडाच्या पोटात जातच नाही, पाजणार कोणाला?

लिंबू आणि सोडा एकत्र केलं की फसफसतं, बघायला मजा येते, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात. उरतं खारट पाणी. नुसता सोडाही उघड्या सागावर घासू नका. सागात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, अल्कली लागली की लाकूड काळपट पडतं.

चहाच्या पाण्याने थोडा रंग चढतो, पण उघड्या लाकडावर. पॉलिशवर ते नुसतं मळकं पाणी.

दुपारची_झोप

@जुना_रंधा, थेंब तसाच राहिला, पण स्पिरिटची काडी तपकिरी झाली आणि जागा बोटाला चिकटायला लागली. म्हणजे लाख?

जुना_रंधा

लाखच. जुन्या टेबलांवर तीच निघते. म्हणजे स्पिरिट आणि सॅनिटायझर टेबलापासून लांब ठेवा, दोन्हींनी लाख विरघळते. अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रावणही नको. पुढच्या वेळी गरम भांड्याखाली जाड काहीतरी ठेवा.

धुणं असं. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब. जुन्या बनियनचं फडकं बुडवून इतकं पिळा की टेबलावर थेंब पडता कामा नये. लाकडाच्या रेषांच्या दिशेने, हातभर जागा एका वेळी. मग साध्या पाण्याचं पिळलेलं फडकं, आणि लगेच कोरडं. पाणी सांध्यात शिरू देऊ नका. फडकं तपकिरी येत राहील, तोवर पाणी बदलत राहा. घाई करून एकदाच सगळं टेबल ओलं केलंत तर नवे पांढरे डाग पडतील.

एवढं करूनही बोट चिकटलं तर तो मळ नाही, पॉलिशच मऊ पडलंय. हातांचा घाम आणि तेल वर्षानुवर्षं लागून असं होतं, विशेषतः जिथे मनगटं टेकतात त्या कडेला. त्याला स्वयंपाकघरात औषध नाही, थर काढून नवा चढवावा लागतो.

पांढरा डाग म्हणजे पॉलिशमध्ये अडकलेला ओलावा, लाकूड खाली शाबूत असतं. जागा नीट वाळल्यावर सुती कोरडं फडकं ठेवा, इस्त्री सगळ्यात कमी उष्णतेवर, वाफ बंद. चार-पाच सेकंद टेकवा, उचला, बघा. पुन्हा. लाख उष्णतेने मऊ होते, म्हणून फडकं चिकटतंय असं वाटलं की थांबा. जे राहील त्याला वस्त्रगाळ केलेली लाकडाची राख आणि तेलाचा एक थेंब, बोटाने हलकं चोळायचं. पांढरी टूथपेस्टही तेच काम करते, जेलची नको. दोन्हींनी पॉलिश किंचित खरवडलं जातं, चमक कमी होते, मग मेण लावून झाकायची.

काळा डाग वेगळा. पाणी लाकडापर्यंत पोचलं, तिथे लोखंडाचा अंश आणि लाकडातलं टॅनिन यांचा संयोग झाला. तो वरून पुसून जात नाही. ऑक्झॅलिक आम्लाने जातो, पण त्यासाठी पॉलिश काढावं लागतं आणि ते विषारी आहे. बाळ कडा चाटतंय तोवर नादी लागू नका.

चकचकीत

मग माझं टेबल इतकी वर्षं चांगलं कसं राहिलं? व्हिनेगरनेच पुसते मी. उगाच घाबरवताय.

जुना_रंधा

तुमचं पीयू असेल. त्यावर व्हिनेगर फिरवलं तर फारसं बिघडत नाही, साधारण पाच टक्केच आम्ल असतं, त्यात तुम्ही तेल घालता. लाखेवर मात्र वारंवार लावलं तर चमक उतरू शकते. आणि आरसा दिसतो तो तेलाचा, टेबलाचा नव्हे. कोरड्या फडक्याने दाबून पुसून बघा, फडक्यावर काय येतं ते कळवा. भांडत नाहीये, खरंच कळवा.

मोहोळ

आमच्याकडे मधमाश्यांच्या पेट्या आहेत, त्यामुळे मेण भरपूर. एक भाग मधमाश्यांचं मेण, तीन ते चार भाग तेल, वजनाने. तेल जवसाचं किंवा अक्रोडाचं, घरात कोणाला अक्रोडाची ॲलर्जी नाही ना बघून. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्यामुळे उकळत्या पाण्यात भांडं ठेवलं की पुरतं, थेट आचेवर ठेवू नका. वितळलं की तेल घालून ढवळा, डबीत ओता. थंड झाल्यावर बोट सहज रुतेल इतकं मऊ हवं. घट्ट वाटलं तर पुन्हा वितळवून तेल वाढवा.

लावताना नखाएवढं. खरंच नखाएवढं, हातभर जागेला. थोडा वेळ मुरू द्या आणि मग हात दुखेपर्यंत घासा. जाड लावलं तर पुन्हा चिकट, म्हणजे जिथून सुरुवात केली तिथेच.

जुना_रंधा

@मोहोळ, बरोबर, फक्त एक भर. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, गोळ्यात ती कोंडते आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. जवसाचं 'डबल बॉईल्ड' तेल लवकर वाळतं खरं, पण त्यात धातूंचे क्षार घालतात. बाळ चाटणाऱ्या कडेला कच्चंच घ्या, आणि पूर्ण वाळेपर्यंत त्याला लांब ठेवा.

ड्रॉवर राहिला. बाहेर काढा, ज्या पट्ट्यांवर सरकतो त्यांवर साधी मेणबत्ती घासा. कोरडी साबणाची वडीही चालते. तेल इथेही नको. दमट हवेत लाकूड रेषांच्या आडव्या बाजूने फुगतं, म्हणून अडकलं की लगेच रंधा मारायला धावू नका. हवा कोरडी झाली की तोच ड्रॉवर खडखडेल.

दुपारची_झोप

धुऊन झालं. पाणी काय रंगाचं निघालं ते सांगण्यात अर्थ नाही. मधला भाग आता कोरडा लागतो, पण माझ्या बसायच्या बाजूची कड अजून चिकटते, म्हणजे तिथे पॉलिशच गेलंय. दोन पांढरे डाग इस्त्रीने गेले, तिसरा पुसट झालाय, त्यावर राख करून बघते. काळ्या डागावर फळांची टोपली ठेवली.

@जुना_रंधा, फक्त त्या एका कडेचं पॉलिश काढून नवं चढवता येतं का, की सगळी फळी करावी लागेल?

जुना_रंधा

लाखेचा हाच फायदा. नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे कडेपुरतं करता येतं. पीयू असतं तर जोड दिसला असता. पण मेण अजून लावू नका. मेणावर लाख धरत नाही. आधी कड, मग मेण. लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच लावतात, ते उडून जाईपर्यंत बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवा. कडेचा फोटो टाका, उजेडात तिरका धरून.