पऱ्हाटी आणि टेट्रिस

‘गेम बंद केला की विषय संपला, नंतर तो डोक्यात राहत नाही’ असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. माझा भाचा सुट्टीत दारव्ह्याजवळच्या आमच्या गावी आला की दिवसभर मोबाइलवर बंदुकीचा गेम खेळतो. परवा संध्याकाळी वावरातून परतताना तुरीच्या ओळीपाशी तो एकदम खाली बसला. म्हणे, “मामा, धुऱ्यावर कोणी लपलंय असं वाटलं.” धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीचं खोड होतं.

पोरगं बिघडलं असं नाही. २००० साली हार्वर्ड विद्यापीठातले झोपेचे अभ्यासक रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी लोकांना टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे ठोकळे रचायचा गेम, खेळायला लावलं, तर डोळा लागता लागता अनेकांना ठोकळे पडताना दिसले. स्मृती गेलेल्या पाचपैकी तिघांनाही दिसले, आणि त्यांना तर आपण खेळलो हेही आठवत नव्हतं!

आपल्याकडच्या वेचणीवाल्या बायांना विचारा. दिवसभर पऱ्हाटीचा कापूस वेचून पाठ टेकली की मिटल्या डोळ्यांपुढे बोंडंच बोंडं. माझी आई झोपेतही चिमटीनं काहीतरी ओढल्यासारखी बोटं हलवायची.

भाच्याला मी रागावलो नाही. झोपायच्या तासभर आधी मोबाइल माझ्याकडे, आणि गेम ठेवल्याबरोबर गाडीला हात लावायचा नाही, एवढंच ठरवलंय.