शाखेत लोकल अॅडमिनचा पासवर्ड असावा की नसावा?

कातळावरून (देवगड)
थेट मुद्द्यावर येतो. आमचं कार्यालय देवगड तालुक्यात, मुख्य कार्यालय मुंबईत आणि कम्प्युटरची सगळी सूत्रं तिकडे. आमच्या मशीनवर आम्हाला घड्याळसुद्धा हलवता येत नाही. एरवी त्याबद्दल तक्रार नाही. पण सकाळी काउंटर उघडावा, लोक पहिल्या एसटीने येऊन रांगेत उभे असावेत आणि स्क्रीनवर 'ट्रस्ट रिलेशनशिप फेल्ड' (मशीन आणि सर्व्हर यांचा एकमेकांवरचा विश्वास तुटला) असा संदेश यावा, हे वारंवार होतंय. हेल्पडेस्कला फोन लावला की पहिला प्रश्न, "रिमोटचा (दुरून मशीन चालवायच्या सोयीचा) आयडी सांगा." अहो, लॉगिनच होत नाही तर रिमोट कुठून उघडू? मग तिकीट (म्हणजे तक्रारीची नोंद), मग "इंजिनिअर कणकवलीहून निघालाय", आणि तो पोहोचेपर्यंत जेवणाची सुट्टी.

माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक शाखेत एका जबाबदार माणसाकडे लोकल अॅडमिनचा, म्हणजे त्या मशीनवर सगळे हक्क असलेल्या खात्याचा, पासवर्ड बंद पाकिटात असावा. तिजोरीच्या किल्ल्या आमच्याकडे चालतात, मग हाच का नको?

सर्व्हररूम (पुणे)
नको. अशाच तिकिटांच्या दुसऱ्या टोकाला मी बसतो, म्हणून सांगतो. तुमची किल्ली एकच तिजोरी उघडते. बऱ्याच ठिकाणी सगळी मशीन एकाच इमेजवरून (विंडोजच्या एकाच तयार प्रतीवरून) भरलेली असतात आणि सगळ्यांवर लोकल अॅडमिनचा पासवर्डही एकच असतो. देवगडचं पाकीट फुटलं की ठाण्यापासून सावंतवाडीपर्यंत सगळं उघडं. रॅन्समवेअर एका मशीनवरून दुसऱ्यावर जातं ते अनेकदा याच वाटेने. पासवर्ड कळावाही लागत नाही, मशीनमधून त्याचा हॅश (पासवर्डवरून बनवलेलं सांकेतिक रूप) उचलला तरी काम भागतं.

आता तुमच्या त्या 'ट्रस्ट'च्या बिघाडाबद्दल. तुमचं जसं डोमेनमध्ये (कार्यालयाची सगळी खाती आणि मशीन एका सर्व्हरवरून सांभाळणाऱ्या व्यवस्थेत) खातं असतं तसं मशीनचंही असतं. त्यालाही पासवर्ड असतो आणि साधारण दर ३० दिवसांनी मशीन तो आपला आपण बदलतं. कुणी मशीन जुन्या बॅकअपवर किंवा रिस्टोअर पॉइंटवर मागे नेलं, की मशीनकडे जुना पासवर्ड आणि सर्व्हरकडे नवा. अशा वेळी नेटवर्कची केबल काढा आणि नेहमीच्या पासवर्डने लॉगिन करून बघा. सर्व्हर भेटत नाही म्हटल्यावर विंडोज स्वतःजवळ साठवलेल्या नोंदीवरून आत घेतं. आत गेलात की केबल लावा आणि रिमोट द्या. पुढची दुरुस्ती आमच्याकडून एका कमांडची आहे.

कातळावरून (देवगड)
केबलची युक्ती पहिल्यांदाच ऐकतोय. हेल्पडेस्कने इतक्या वेळा फोन उचलला, पण हे एकदाही सांगितलं नाही. मग राग पाकिटावर का काढता?
दुसरं म्हणजे इंजिनिअर म्हणाला होता, मशीन महिनाभर बंद राहिलं म्हणून ट्रस्ट तुटला. ते खरं का?

वशिष्ठीकाठ (चिपळूण)
नाही. पासवर्ड बदलायचा की नाही हे मशीनच ठरवतं, सर्व्हर मागे लागत नाही. बंद मशीनने काही बदललेलंच नसतं, तर फरक कुठून पडणार? सहा महिन्यांनी चालू केलं तरी जुनाच पासवर्ड दोन्हीकडे जुळतो. हां, मुख्य कार्यालयाने 'न वापरलेली मशीन' म्हणून त्याचं खातंच बंद करून टाकलं असेल तर गोष्ट वेगळी, आणि ते होतं.

मी चिपळूण, गुहागर, खेड या पट्ट्यात मशीन दुरुस्तीला फिरतो. लॉगिन होत नाही म्हणून बोलावतात तेव्हा मी आधी लॉगिन स्क्रीनवरचं घड्याळ बघतो. आपल्याकडे पावसात लाइट किती वेळ जाते ते सांगायला नको. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल संपलेला असला की लाइट परत येते तेव्हा मशीन काही वर्षं मागे गेलेलं असतं. डोमेनचं कर्बेरॉस, म्हणजे लॉगिनची ओळख पटवणारी पद्धत, ठरलेल्या सेटिंगप्रमाणे ५ मिनिटांहून जास्त फरक चालवून घेत नाही. व्हीपीएन (मुख्य कार्यालयाशी जोडणारी सुरक्षित लाइन) सर्टिफिकेटवर, म्हणजे मुदत घातलेल्या डिजिटल ओळखपत्रावर, चालत असेल तर ते आधीच अडतं, कारण मशीनच्या हिशेबाने ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नसतं. कधी वेळ सर्व्हरकडून आपोआप दुरुस्त होते, कधी नाही. सेल चिल्लर पैशांचा आहे, पण तो बदला असं शाखेतून कुणी लिहीत नाही.

आणि पाकिटाला माझाही विरोध. एका ठिकाणी अॅडमिनचे हक्क दिले होते, तिथे कुणीतरी 'नेट फास्ट चालतं' म्हणून डीएनएसमध्ये (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणाऱ्या सेवेत) गूगलचा ८.८.८.८ टाकून ठेवलं होतं. नेट चाललं, पण डोमेन कुठे आहे हे मशीनला सापडेना. ऑफिसच्या आतल्या सर्व्हरचा पत्ता बाहेरच्या डीएनएसला कसा माहीत असणार?

गजालवाला (मालवण)
तुमी सगळे डोमेन डोमेन करतास, पण आधी कोपऱ्यातली भाषा बघलास काय?

आमच्या ऑफिसात अर्धी पत्रं मराठीत जातात. संध्याकाळी टायपिंग करताना इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड लावलेला असतो आणि सकाळी लॉगिन स्क्रीनवरही कधी कधी तेच येऊन बसतं. पासवर्डच्या रकान्यात नुसते ठिपके दिसतात. माणूस एच दाबतो, आत 'प' जातो. जे दाबला की 'र'. तीनदा चूक, पाचदा चूक, मग खातं लॉक आणि मग तिकीट. खालच्या कोपऱ्यात मराठी दिसलं तर विंडोजचं बटण धरून स्पेस दाबायचं, इंग्रजी येतं. तसंच बाजूच्या आकड्यांचं, नम लॉक बंद असेल तर आकडे दाबूनही रकाना रिकामाच. यासाठी ना पाकीट लागत, ना कणकवलीचा इंजिनिअर.

सुरंगी (वेंगुर्ले)
मी शाखाप्रमुख आहे आणि मला ते पाकीट नको. कारण तांत्रिक नाही. उद्या त्या मशीनवरून काही भलतं झालं, तर ऑडिटवाला पहिल्यांदा कुणाकडे येईल? पाकिटावर सही माझी, ड्रॉवर माझा. लोकल अॅडमिनने केलेलं काम 'अॅडमिन'च्या नावावर नोंदलं जातं, माणसाच्या नाही. मी केलं नाही हे मी कशावरून दाखवू? कातळावरून भाऊ, तुम्ही आज हक्क मागताय, पण त्याबरोबर जे गळ्यात पडेल त्याचा विचार झालाय का?

कातळावरून (देवगड)
ताई, मुद्दा मान्य. पण रांगेतल्या माणसासमोर उत्तर द्यायला उभा मीच असतो, मुंबईचा हेल्पडेस्क नव्हे. काम अडलं तरी दोष माझाच, मग निदान हत्यार तरी हातात द्या.

हर्णैची बोट (दापोली)
मी कातळावरून यांच्या बाजूने. सगळं केंद्राच्या हाती ठेवणारे लोक सदैव लाइन चालू असते असं धरून चालतात. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला किनाऱ्यावर आलं, त्यानंतर दापोली-मंडणगडात कित्येक दिवस वीज नव्हती, मोबाइलचे टॉवर आडवे. एवढं मोठं संकट सोडा, महामार्गाच्या खोदकामात फायबर तुटली तरी दिवस जातो. अशा वेळी हेल्पडेस्क सांगणार तरी कुठून?

आणि अर्धी तिकिटं या लोकांच्याच नियमामुळे तयार होतात. दर ४२ दिवसांनी पासवर्ड बदला! हा आकडा विंडोज डोमेनच्या मूळ सेटिंगमधला, कुणी विचार करून ठरवलेला नाही. गणपतीला रजा टाकून माणूस परत येतो तोवर पासवर्ड संपलेला. मग तो नवा पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर संकष्टीच्या चौकोनात लिहून ठेवतो. अमेरिकेच्या निस्ट संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येच सांगितलं की पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर उगाच मुदतीने बदलायला लावू नका. मायक्रोसॉफ्टनेही २०१९ मध्ये आपल्या सुरक्षा शिफारशींतून ही मुदत काढून टाकली. आमच्या मुख्य कार्यालयापर्यंत ही बातमी अजून पोहोचायची आहे.

सर्व्हररूम (पुणे)
मुदतीबद्दल पूर्ण सहमत, आणि हे लिहिलेलं आमच्या साहेबांनी वाचलं तरी चालेल. पण तीच शिफारस फुटलेले पासवर्ड तपासा आणि दुसरा घटक (पासवर्डशिवाय ओटीपीसारखी आणखी एक खात्री) लावा हेही सांगते. तेवढा भाग सगळे सोयीने विसरतात.

पासवर्ड बदलल्यावरच्या दोन कटकटी इथे सांगून ठेवतो, कारण फोनवर समजावताना घसा कोरडा पडतो.

पहिली, खातं परत परत लॉक होणं. आम्ही उघडतो, तासाभरात पुन्हा लॉक. माणूस शपथेवर सांगतो की मी पासवर्ड चुकवला नाही, आणि तो खरंच बोलत असतो. चुकवतो त्याचा मोबाइल! खिशातल्या फोनच्या मेलमध्ये जुना पासवर्ड साठवलेला असतो आणि तो मुकाट्याने दार ठोठावत बसतो. नाहीतर विंडोज पासवर्ड साठवून ठेवतं त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, नाहीतर जोडून ठेवलेल्या नेटवर्क ड्राइव्हमध्ये. सर्व्हरवर ४७४० क्रमांकाची नोंद बघितली की लॉक कुठल्या मशीनकडून झालं ते नाव मिळतं. तिथे मेल सर्व्हरचं नाव दिसलं की मी थेट विचारतो, "फोनमध्ये बदललात का?"

दुसरी, 'हेल्पडेस्कने दिलेला नवा पासवर्ड चालत नाही.' लाइन बंद असताना किंवा घरी लॅपटॉपवर असताना नवा पासवर्ड चालणारच नाही, कारण मशीनकडे जुन्याचीच नोंद आहे. जुन्याने आत जा, व्हीपीएन जोडा, तिथे नवा द्या, मग स्क्रीन लॉक करून नव्याने उघडा.

वशिष्ठीकाठ (चिपळूण)
बोटवाले, लाइन पूर्ण गेली असेल तर लोकल अॅडमिन होऊन तरी काय करणार? आमच्याकडे २२ जुलै २०२१ च्या पुरात मशीनच पाण्याखाली गेली, ते राहू दे. पण नुसती फायबर तुटली तरी खात्यांचं सॉफ्टवेअर सर्व्हरवर, शेअर फोल्डर सर्व्हरवर. पावती निघणार नाही ती नाहीच.

हर्णैची बोट (दापोली)
नाही कशी? प्रिंटर शेजारी आहे, कोरे अर्ज मशीनमध्ये आहेत, कालची एक्सेल मशीनमध्ये आहे. हाताने नोंद घेऊन माणसाला शिक्का मारून कागद देता येतो. तुम्हा लोकांना शाखेचं काम म्हणजे फक्त सॉफ्टवेअर वाटतं.

सुरंगी (वेंगुर्ले)
त्यासाठी अॅडमिन कशाला हवा? साधं लॉगिन पुरतं ना?

सर्व्हररूम (पुणे)
तेच म्हणतोय. साठवलेल्या नोंदीवरून साधं लॉगिन होतं. विंडोजमध्ये मुळात शेवटच्या १० जणांच्या नोंदी राहतात.

आणि अॅडमिनच लागला, तर पाकिटापेक्षा बरी सोय आता विंडोजमध्येच आहे. लॅप्स नावाची. एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून वेगळं काही टाकावंही लागत नाही. प्रत्येक मशीनचा लोकल अॅडमिन पासवर्ड वेगळा, तो डोमेनमध्ये जमा आणि ठरल्या मुदतीने आपोआप बदलणारा. गरज पडली की हेल्पडेस्क तेवढ्याच मशीनचा वाचून फोनवर सांगतो, आणि वापरल्यावर काही तासांत तो बदलून टाकायची व्यवस्था लावता येते. कुणी कुणाला कधी सांगितला ते तिकिटावर राहतं, म्हणजे सुरंगीताईंची ऑडिटची चिंताही बरीच कमी होते.

कातळावरून (देवगड)
ही सोय आमच्याकडे लावलीय का ते विचारायला आज फोन केला. उत्तर आलं, "बघतो." पण बोलता बोलता दुसरंच कळलं. साठवलेल्या नोंदींची संख्या आमच्याकडे १० नाही, सुरक्षेच्या नावाखाली १ करून ठेवलीय. आमच्या काउंटरच्या मशीनवर सकाळी एक बसतो आणि दुपारी दुसरी. म्हणजे दुपारी तिने लॉगिन केलं की सकाळवाल्याची नोंद पुसली. दुसऱ्या दिवशी सकाळी लाइन नसेल तर तो बाहेरच, केबल काढा नाहीतर घाला. पावसाळ्यात "कालपर्यंत चालत होतं" म्हणून जी भांडणं व्हायची त्यातली निम्मी इथली असणार.

वशिष्ठीकाठ (चिपळूण)
निदान ४ तरी मागा. ताणून १० नका मागू, सुरक्षावाले तेवढं देणार नाहीत.

कातळावरून (देवगड)
४ लिहितो. सोबत सेल बदलायचं आणि पासवर्डच्या मुदतीचंही लिहितो. लोकल अॅडमिनची मागणी मात्र मागे घेतलेली नाही, लॅप्सचं "बघतो" पुढे सरकेपर्यंत ती अर्जात राहील.

गजालवाला (मालवण)
अर्ज मराठीत टाइप केलास तर उठताना इंग्रजी लावून ठेव रे, नायतर उद्या तुजाच तिकीट.